एकसारख्या पाहुणचाराचे अर्थकारण

अमृतसरहून निघालेली सचखंड एक्सप्रेस सुमारे दीड दिवसाच्या प्रवासानंतर नांदेडच्या फलाटावर येऊन थांबते, तेव्हा तीतून उतरणाऱ्या यात्रेकरूपुढे दोन प्रश्न असतात. जेवायचे कोठे, हा पहिला. आणि राहायचे कोठे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्याला घर सोडतानाच ठाऊक असते. लंगरात गेल्यावर जोडे कोठे द्यावयाचे, मस्तक कशाने झाकावयाचे, पंगतीत कसे बसावयाचे आणि वाढणारा समोर आला की दोन्ही हात पुढे करून पोळी कशी घ्यावयाची, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. अमृतसरला जे घडते तेच येथे घडते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात खोली मिळाली तर उत्तम. न मिळाली तर लॉजांच्या पाट्या वाचीत हिंडणे आले. त्या पाट्यांवर 'डिलक्स' या शब्दाची कमतरता नसते. परंतु त्या शब्दाचा अर्थ खोलीचे दार उघडून आत पाऊल टाकल्यावरच कळतो, आणि तोवर पैसे गल्ल्यात पडलेले असतात.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत लातूरला यावे, तर तेथे जून महिन्यात हेच दृश्य वेगळ्या वेशात दिसते. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी मुलांना घेऊन दूरदूरच्या जिल्ह्यांतून पालक येतात. हातात ट्रंक, खांद्यावर गादीची वळकटी आणि मनात धाकधूक, अशा स्थितीत ते एखाद-दुसरी रात्र लॉजवर काढतात आणि तेवढ्या वेळात वसतिगृह व खाणावळ ठरवून परततात. मुलाचे दोन वर्षांचे अन्न आणि दोन वर्षांची झोप एका दुपारच्या पाहणीवर ठरते. पाहणीच्या दिवशी वरणात डाळ असते. ऑगस्टमध्ये ती असेलच याची हमी कोणी द्यावी?

पंचतारांकित हॉटेलांच्या साखळ्या आणि त्यांच्या सेवेचा एकसारखेपणा हा विषय मराठवाड्यातील वाचकाला दूरचा, किंबहुना चैनीचा वाटणे स्वाभाविक आहे. सरकारी खजिन्यानेही चैनीची एक व्याख्या करून ठेवली आहे. ऑक्टोबर २०१९ पासून दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो, आणि त्याहून स्वस्त खोलीवर कमी दराने. या रेषेच्या वरच्या जगाशी सामान्य माणसाचा संबंध फारसा येत नाही, हे खरेच आहे. तथापि त्या जगात जो माल विकला जातो तो केवळ मऊ गादी आणि संगमरवरी मोरी नव्हे. तेथे मुख्यतः विकली जाते ती निश्चिती: मुंबईत जे मिळाले तेच उदयपुरास मिळेल आणि आज जे मिळाले तेच पुढल्या वर्षीही मिळेल ही. नेमक्या याच मालाची टंचाई नांदेडच्या यात्रेकरूला आणि लातूरच्या पालकाला भासते. म्हणूनच ही निश्चिती निर्माण कशी होते, तिचा खर्च कोण सोसतो आणि ती कोठे फसते, हे पाहणे केवळ श्रीमंतांच्या सोयीचा विचार ठरत नाही.

परगावचे गिऱ्हाईक

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. पुढे २००१ साली त्याला ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा पाया हाच निबंध होता. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो, हे त्याचे प्रतिपादन. याच निबंधात त्याने हॉटेलांच्या व उपाहारगृहांच्या साखळ्यांचा ओझरता पण मार्मिक उल्लेख केला आहे. अशा साखळ्या हमरस्त्यांवर अधिक आढळतात, कारण तेथील गिऱ्हाईक क्वचितच स्थानिक असते. गावकऱ्याला गावातील चांगली खाणावळ माहीत असते; वाटसरूला पाटीवरील ओळखीचे नाव हाच आधार असतो.

हा सिद्धांत समजून घेण्यासाठी अमेरिकेच्या हमरस्त्यावर जाण्याचे कारण नाही. लांब पल्ल्याची एस. टी. मध्यरात्री ज्या हॉटेलापाशी थांबते तेथील भजी आठवावीत. त्या मालकाला पक्के ठाऊक असते की समोरचा प्रवासी उद्या परत येणार नाही. आणि गाडी तर उद्याही येथेच थांबणार आहे, कारण ती थांबविणे प्रवाशाच्या हाती नाही. त्यामुळे ज्याला खूश ठेवावयाचे तो चालक-वाहक आतल्या बाकावर वेगळ्या ताटात जेवतो. एकाच स्वयंपाकघरातून दोन दर्जांचे अन्न बाहेर पडते, आणि त्यात मालकाचा स्वभाव दुष्टच असावा लागतो असे नाही. परत येणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगले आणि न येणाऱ्याला कसेबसे, हा साधा हिशेब आहे. नांदेडचा यात्रेकरू कदाचित आयुष्यात एकदाच येतो. लातूरच्या पालकाचा मुलगा दोन वर्षांनी निघून जातो, आणि त्याच्या जागी दुसऱ्या जिल्ह्यातला दुसरा अनभिज्ञ पालक उभा राहतो.

साखळीची कल्पना ही या हिशेबावरची तोड होय. एका गावी फसविलेला पाहुणा त्याच नावाच्या दुसऱ्या गावच्या हॉटेलात पाऊल ठेवणार नाही, ही भीती प्रत्येक शाखेच्या व्यवस्थापकामागे उभी राहते. अमेरिकेतील केमन्स विल्सन या गृहस्थाला कुटुंबासह मोटारीने प्रवास करताना रस्त्यावरच्या निवाऱ्यांचा आलेला कंटाळा हेच त्याच्या व्यवसायाचे भांडवल ठरले. त्याने १९५२ साली मेंफिस येथे पहिले 'हॉलिडे इन' उघडले आणि पुढे त्याच्या कंपनीने, आमच्याकडे आश्चर्याचा धक्का बसणार नाही, हीच आपली जाहिरात केली. आपल्याकडे जमशेटजी टाटांचे 'ताज' डिसेंबर १९०३ मध्ये मुंबईत उघडले, पण कित्येक दशके ते एकटेच होते. त्याची साखळी झाली ती १९७० नंतरच्या दशकात, उदयपूरच्या तलावातील राजवाडा आणि मद्रासचे हॉटेल त्या नावाखाली आल्यावर. आयटीसीने हॉटेल व्यवसायात मद्रास येथेच १९७५ साली पाऊल टाकले. वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांमुळे या दोन्ही समूहांची नावे पूर्वीच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, येऊन पोहोचली. नांदेड आणि लातूरचा पाहुणा वेगळ्या जातीचा. तो लेणी पाहावयास येत नाही. माथा टेकावयास किंवा मुलाला ठेवावयास येतो, आणि त्याच्या खिशावर या नावांचे गणित बसत नाही.

नियमपुस्तक कोठवर पुरते?

निश्चिती निर्माण करावयाची म्हणजे प्रथम वस्तू सारख्या करावयाच्या. चादरीचा धागा, उशीची उंची, चहाच्या पाण्याचे तापमान, दूरध्वनी कितव्या घंटेला उचलावा, खोली किती मिनिटांत आवरावी, याची जाडजूड नियमपुस्तके प्रत्येक मोठ्या साखळीपाशी असतात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची वर्गीकरण समिती हॉटेलांना एकापासून पाचपर्यंत तारे देते आणि त्याहीवर 'पंचतारांकित डिलक्स' अशी श्रेणी ठेवते, तीही बव्हंशी मोजता येणाऱ्या गोष्टींवर. हे वर्गीकरण ऐच्छिक असून ते पाच वर्षांपुरते असते. खोलीचे क्षेत्रफळ मोजता येते, उद्वाहक आहे की नाही हे पाहता येते. स्वागतकक्षातील तरुणीने रात्री अकरा वाजता थकून आलेल्या वृद्ध दांपत्याकडे कशा नजरेने पाहिले, हे कोणत्या फूटपट्टीने मोजावयाचे?

आणि पाहुण्याच्या आठवणीत राहते ते नेमके हेच. हार्वर्ड विद्यापीठाचे रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी 'ताज' समूहाच्या कार्यपद्धतीवर डिसेंबर २०११ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्यात एक बारकावा आहे. एका दिवसाच्या मुक्कामात पाहुण्याचा आणि कर्मचाऱ्यांचा सरासरी चाळीस ते पंचेचाळीस वेळा संबंध येतो, आणि त्यांतील बहुतेक प्रसंगी देखरेखीला वरिष्ठ हजर नसतो. दोनशे खोल्यांच्या हॉटेलात खोलीमागे एकच पाहुणा धरला तरी हे प्रसंग दिवसाला आठ-नऊ हजार होतात. अशी वीस हॉटेले असली की दीड लाखाच्या पुढे. जगातील कोणतेही नियमपुस्तक आणि कोणताही मुकादम या दीड लाख क्षणांवर पहारा ठेवू शकत नाही. कारखान्यात सदोष माल दाराबाहेर पडण्यापूर्वी बाजूला काढता येतो. सेवेत माल तयार होतो त्याच क्षणी तो गिऱ्हाइकाच्या हातात पडलेला असतो.

त्या समूहाने यावर जो मार्ग काढला तो मराठवाड्यातील वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. या लेखकांच्या म्हणण्याप्रमाणे कर्मचारी निवडताना महानगरांपेक्षा लहान शहरांना पसंती दिली जाते: मुंबईऐवजी पुणे, चेन्नईऐवजी तिरुचिरापल्ली व कोइमतूर, कलकत्त्याऐवजी हल्दिया. घरी आल्यागेल्याला पाणी विचारण्याची सवय जेथे अद्याप मोडलेली नाही, थोरांशी बोलताना आवाज आपोआप खाली येतो, अशा घरांतील मुले हवी असतात. इंग्रजी आणि काटे-चमचे शिकविता येतात. ही सवय शिकविता येत नाही. त्यानंतर प्रशिक्षण मिळते ते अठरा महिन्यांचे; या व्यवसायात एरवी बारा महिने पुरेसे मानले जातात. आणि त्या प्रशिक्षणात शिकविले जाते ते असे की, कर्मचाऱ्याने कंपनीचा वकील म्हणून पाहुण्यापुढे उभे राहावयाचे नसून पाहुण्याचा वकील म्हणून कंपनीपुढे उभे राहावयाचे. निर्णय घेताना वरच्याला विचारीत बसण्याची गरज नाही.

या पद्धतीची परीक्षा कोणालाही नको असलेल्या रीतीने झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या 'ताज'वर दहशतवाद्यांनी हल्ला केला, तेव्हा मागच्या दारांच्या वाटा माहीत असूनही कर्मचारी पाहुण्यांना सोडून गेले नाहीत. स्वयंपाक्यांनी पाहुण्यांभोवती स्वतःच्या देहांचे कडे केले. बाराशे ते पंधराशे पाहुणे बाहेर पडू शकले, आणि अकरा कर्मचारी मृत्यू पावले. हॉटेलचे सरव्यवस्थापक करमबीर सिंग कांग यांची पत्नी व दोन मुले त्याच इमारतीत मृत्युमुखी पडली, तरी ते आपल्या कामावर राहिले. असे वागण्याचा नियम कोणत्याच पुस्तकात लिहिलेला नव्हता, आणि लिहिणाऱ्याला तो अधिकारही नव्हता.

लातूरकरांना नियम आणि त्यामागचा माणूस यांतील हे अंतर नव्याने सांगण्याचे कारण नाही. डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य असताना राजर्षी शाहू महाविद्यालयात जी शिकविण्याची पद्धत आकाराला आली, तिचे 'लातूर पॅटर्न' हे नाव पुढे राज्यभर झाले. जादा तास, सराव परीक्षांमागून सराव परीक्षा, चुकलेल्या प्रश्नांची पुनःपुन्हा उजळणी, हा तिचा बाह्य आराखडा कोणालाही उतरून घेता येण्याजोगा होता, आणि गावोगावच्या फलकांनी तो उतरून घेतलाही. उतरून घेता आले नाही ते एवढेच की, रात्री उशिरापर्यंत विद्यार्थ्याजवळ थांबणारा शिक्षक. आराखडा स्वस्त असतो आणि माणूस महाग, ही गोष्ट शिक्षणात खरी आहे आणि पाहुणचारातही.

मालक एक, नाव दुसऱ्याचे

असे असूनही साखळीच्या सर्व हॉटेलांत सेवा सारखी राहतेच असे नाही. त्याचे कारण शोधताना बहुधा एखाद्या व्यवस्थापकाला किंवा वेटरला दोष दिला जातो. वस्तुतः कारण मालकीच्या रचनेत आहे. आज पंचतारांकित नावाखाली चालणारी पुष्कळशी हॉटेले त्या नावाच्या कंपनीच्या मालकीची नसतात. जमीन व इमारत एखाद्या बांधकाम व्यावसायिकाची वा उद्योगपतीची असते. साखळी तिला आपले नाव देते, व्यवस्थापक देते आणि मोबदल्यात उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा व नफ्यातील काही भाग घेते. स्वतःचे भांडवल न गुंतविता वाढण्याचा हा मार्ग जगभरच्या साखळ्यांनी पत्करला आहे, आणि भारतीय साखळ्यांनीही तो उघडपणे आपल्या धोरणात घातला आहे.

या व्यवहारात हितसंबंधांची दिशा एक नसते. साखळीला उत्पन्न वाढलेले हवे असते, कारण तिचा हिस्सा त्यावर ठरतो. खर्च मात्र इमारतीच्या मालकाच्या खिशातून जातो. जुने गालिचे बदलावयाचे की आणखी दोन वर्षे रेटावयाचे, मजल्यावर चार माणसे ठेवावयाची की तीन, यावर दोघांची रस्सीखेच चालू असते आणि पाहुण्याला तिचा पत्ताही नसतो. त्यात तिसरा घटक येतो ठेकेदाराचा. खोल्या झाडणारा, भांडी घासणारा, दारावर उभा राहणारा माणूस अनेक ठिकाणी ठेकेदाराचा असतो. अंगावरचा गणवेश साखळीचा, पगार तिसऱ्याचा, आणि उद्याची शाश्वती कोणाचीच नाही. अशा माणसाला अठरा महिन्यांचे प्रशिक्षण कोण देणार, आणि निर्णयाचा अधिकार तरी कसा देणार? पाहुण्याला सर्वत्र सारखी वागणूक हवी असेल तर ती देणाऱ्यालाही सर्वत्र सारखी वागणूक मिळावयास हवी, हे या व्यवसायाच्या ताळेबंदात कोठे दिसत नाही. पण सेवेची घसरण जेथे होते तेथे शोध घेतल्यास सूत्र बहुधा येथेच सापडते.

विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने विल्यम बोवेन यांच्यासह १९६६ साली एक अडचण मांडली होती. चार वादकांची मैफल दोनशे वर्षांपूर्वी चार वादकांची होती आणि आजही चारांचीच आहे. तीत श्रमाची बचत करता येत नाही, पण वादकांचे वेतन मात्र इतर क्षेत्रांबरोबर वाढत राहते. पाहुणचाराचेही तसेच आहे. साध्या लॉजवर किल्लीऐवजी आकडे दाबण्याचे कुलूप बसवून एक माणूस कमी करता येतो आणि त्याने कोणाचे बिघडत नाही. परंतु ऐषारामाच्या हॉटेलात माणूस हाच माल असतो. तेथे माणूस कमी करणे म्हणजे दुधात पाणी घालणे. आणि तो माणूस महाग होत जातो तसतसा ठेकेदारीचा मोह वाढत जातो.

लातूरचे पाणी

एकसारखेपणाला आणखी एक बाजू आहे, आणि ती लातूरने सर्वांहून स्पष्ट दाखविली. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात या शहरातल्या बादलीचे मोल जगाच्या दुसऱ्या टोकाला तयार झालेल्या नियमपुस्तकाला कळणे शक्य नव्हते. रोज बदललेले पंचे, टबभर स्नान आणि हिरवीगार हिरवळ हा दर्जा सर्व ठिकाणी सारखाच राखावयाचा म्हटले, तर लातूरसारख्या गावात तो शेजारच्या वस्तीच्या घागरीतूनच राखावा लागेल. पंचा पुन्हा वापरणार असाल तर टांगून ठेवा, अशी विनंती करणारी चिठ्ठी आता हॉटेलांच्या न्हाणीघरांत सर्रास दिसते. तीत पर्यावरणाची काळजी किती आणि धुलाईच्या बिलाची किती, हा वेगळा प्रश्न. पण दर्जा म्हणजे उधळपट्टी नव्हे, एवढे तरी तिने मान्य केले आहे.

सारखे काय असावे आणि वेगळे काय असू द्यावे, याचा निवाडा करण्यात मोठमोठ्या साखळ्याही चुकतात. सकाळच्या न्याहारीला देशभर एकच मांडणी करणे सोपे असते, म्हणून ती केली जाते. आणि मराठवाड्यात उतरलेल्या पाहुण्याला ज्वारीची भाकरी मिळत नाही, कोठल्यातरी डब्यातले फळ मिळते. स्वच्छता, वेळ, सुरक्षितता आणि आदर यांत तिळमात्र फरक नको. ताटातल्या पदार्थांत तो असलाच पाहिजे. या दोहोंची गल्लत झाली की एकसारखेपणाचा साचेबंदपणा होतो आणि पाहुण्याला आपण कोणत्या गावी झोपलो आहोत हेच सकाळी आठवेनासे होते.

येथे पुन्हा नांदेडच्या पंगतीकडे वळावे लागते. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथील पूजापद्धती अमृतसरहून काही बाबतींत निराळी आहे. सायंकाळची आरती, शस्त्रांचा मान, येथील जुन्या रीती यांचा हजूर साहिबला अभिमान आहे आणि त्या कोणी पुसून टाकल्या नाहीत. पंगतीची रीत मात्र दोन्हीकडे एकच. कोणी कोठे बसावे हे पाहिले जात नाही. पैसे मागितले जात नाहीत. उरलेल्या पोळीवरून कोणी बोलत नाही. भेद कोठे चालेल आणि कोठे चालणार नाही, हे शतकानुशतके पक्के ठरून गेले आहे. यामागे नियमपुस्तक, तपासनीस वा गुप्त पाहुणा नाही. आज जो जेवतो तो उद्या हातात बादली घेऊन डाळ वाढतो, किंवा भांड्यांच्या हौदापाशी बसतो. वाढणारा आणि जेवणारा हे दोन वर्ग नाहीत. त्यामुळे सेवा करताना कमीपणा वाटत नाही, आणि सेवा घेताना तोराही येत नाही.

लंगराची तुलना पंचतारांकित हॉटेलाशी करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. एकाची प्रेरणा श्रद्धा आहे, दुसऱ्याची नफा. आणि श्रद्धेने होणारे काम पगारावर करून घेता येईल, असे कोणी सुचवीत नाही. गर्दीच्या दिवसांत लंगरातही ढकलाढकल होते, डाळ पातळ होते. तरीसुद्धा हॉटेल-साखळ्या ज्या गोष्टीसाठी कोट्यवधी रुपये खर्चितात ती येथे का घडते, याचे उत्तर व्यवसायालाही उपयोगी आहे. नोकराला पाहुण्याच्या बरोबरीचा माणूस मानल्याविना त्याच्याकडून बरोबरीची आस्था मिळत नाही. 'ताज'ने आपल्या कर्मचाऱ्याला पाहुण्याचा वकील केले, तेव्हा नकळत त्याला पंगतीत जागा दिली.

लहान हॉटेलचा हिशेब

आता प्रश्न राहतो तो नांदेडच्या बारा खोल्यांच्या लॉजमालकाचा आणि लातूरच्या खाणावळवाल्याचा. त्याला हे सर्व पटले तरी तो काय करू शकतो? त्याच्याकडचा पोऱ्या मुखेड-कंधारकडून किंवा देवणी-जळकोटकडून आलेला असतो, आणि पेरणीच्या दिवसांत गावी जातो तो पुन्हा येईलच याचा नेम नसतो. त्याला नीट शिकवावे, तर शिकून तयार झालेला मुलगा पुण्या-हैदराबादेस अधिक पगारावर निघून जातो. गॅरी बेकर याने १९६४ साली दाखवून दिले होते की, जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च एकटा मालक सोसणार नाही, कारण फळ दुसऱ्याच्या झोळीत पडते. मोठी साखळी तो खर्च काही अंशी सोसू शकते, कारण एका हॉटेलातून निघालेला मुलगा तिच्याच दुसऱ्या हॉटेलात ठेवता येतो. बारा खोल्यांच्या मालकाला दुसरे हॉटेलच नसते. म्हणून तो शिकवीत नाही, आणि त्याचा पोऱ्या ओल्या फडक्याने टेबल पुसून त्याच फडक्याने पेला पुसतो.

असा खर्च सार्वजनिक संस्थांनी उचलावा, हे अर्थशास्त्राचे जुने उत्तर आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि लातूरला शिकविण्याची परंपरा तर आहेच. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडात रस्ते, पूल, घाट आणि विमानतळ यांवर सरकारने मोठा पैसा ओतला. येणाऱ्या पाहुण्यांसाठी दगड-सिमेंटाची तयारी झाली. त्याच पाहुण्याला खोली उघडून देणाऱ्या मुलाच्या तयारीसाठी त्या प्रमाणात काय झाले, असा प्रश्न तेव्हा फारसा ऐकू आला नाही. पूल दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. स्वच्छ पुसलेल्या पेल्याचे उद्घाटन कोण करणार?

यात्रेकरूंवर आणि विद्यार्थ्यांवर या दोन शहरांतील हजारो कुटुंबांची चूल पेटते. लॉज आणि खाणावळींच्या मालकांनी एकत्र येऊन चार-सहा बाबी जरी पक्क्या केल्या, म्हणजे धुतलेली चादर, दारावर लिहिलेले भाडे, पिण्याच्या पाण्याची खात्री, बाईमाणसाला सुरक्षित खोली आणि तक्रार ऐकणारा एक माणूस, तरी त्या सामायिक पाटीला महिन्याभरात अर्थ येईल. मोठ्या साखळीला ज्याकरिता मुंबईत कचेरी ठेवावी लागते ते येथे एका सतरंजीवर बसून ठरविता येण्यासारखे आहे. मात्र त्या सतरंजीवर केवळ मालक बसून भागणार नाही. खोली झाडणाऱ्या बाईचा आणि वरण वाढणाऱ्या मुलाचा पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला होतो, हे तेथे पहिल्यांदा विचारले जावयास हवे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी ती बाई व तो मुलगाही तेथे हजर असावयास हवीत.